संशोधकांचा पोरखेळ

विद्यापीठ आणि खेळ हे दोन शब्द एकाच वाक्यांत आले म्हणजे आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें क्रिकेटचें मैदान, आंतरमहाविद्यालयीन सामने आणि चांदीचे पेले हींच उभीं राहतील. पीएच्. डी.साठीं नांव नोंदविलेलीं, पंचविशी ओलांडलेलीं, कांहीं तर घरीं लेंकरूं ठेवून आलेलीं माणसें एका टेबलाभोंवतीं बसून पत्ते वांटीत आहेत, आणि तें त्यांच्या शिक्षणाचेंच एक अंग आहे, असें सांगितलें तर ज्येष्ठ प्राध्यापक भुंवया चढवितात. आमच्या एका स्नेह्यांनीं तर 'हा पोरखेळ विद्यापीठाच्या पैशानें चालतो काय?' असा रोखठोक प्रश्न केला. पैसा जवळजवळ लागतच नाहीं, हें उत्तर आम्हीं त्यांना दिलें, आणि त्यानें त्यांचें समाधान झालें. आमचें मात्र झालें नाहीं. पोरखेळ या शब्दांत जो तिरस्कार आहे तो खेळाविषयींचा आहे कीं पोरांविषयींचा, याचा विचार आम्ही पुढें बरेच दिवस करीत होतों.

वस्तुतः खेळांतून शिकविण्याची कल्पना आपल्याला परकी नाहीं. मोक्षपट पुष्कळांनीं पाहिला नसला तरी त्याचा विलायतेहून परत आलेला अवतार, म्हणजे सापशिडी, घरोघरीं आहे. हा पट ज्ञानेश्वरांनीं रचला अशी परंपरा आहे. ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. जुन्या पटांत घरांना सद्गुणदुर्गुणांचीं नांवें असत, शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा असे, आणि कवड्या टाकीत टाकीत जीव मोक्षाकडे सरकत असे. त्या पटाची एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांत खेळणाराला निवड करण्याची मुळींच सोय नाहीं. कवडी नेईल तेथें जावयाचें. सापानें गिळलें तर मुकाट्यानें खालीं यावयाचें. नीतीचा उपदेश त्यांत आहे, पण नीतीचा प्रसंग नाहीं. याच्या उलट टोंकाला युद्धाचे खेळ. राइस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्याच्या अशा एका खेळाला प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालीं मान्यता मिळाली. नकाशावर तुकड्या हलवीत तरुण अधिकारी निर्णय घेत, आणि दैवाचा अंश फांसे पुरवीत. चूक झाली तरी कोणी मरत नसे, आणि ती कां झाली हें नंतर स्वस्थपणें बोलतां येई. हा दुसरा लाभ आम्हांला पहिल्याहून मोठा वाटतो.

संशोधनाच्या शिक्षणांत जे खेळ शिरले आहेत त्यांपैकीं आमचा सर्वांत आवडता बराच जुना आहे. रॉबर्ट ॲबट या अमेरिकन गृहस्थानें १९५६ सालीं 'एल्युसिस' नांवाचा पत्त्यांचा खेळ काढला, आणि मार्टिन गार्डनर यांनीं १९५९ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतील आपल्या सदरांतून तो लोकांपुढें आणला. एकानें मनाशीं एक नियम ठरवून तो कागदावर लिहून ठेवावयाचा. उदाहरणार्थ, लाल पत्त्यानंतर विषम आंकड्याचा आणि काळ्यानंतर सम आंकड्याचा पत्ता यावा. बाकीच्यांनीं पाळीपाळीनें पत्ते टाकावयाचे. नियमांत बसला तर पत्ता मुख्य ओळींत लागतो, न बसला तर ओळीच्या खालीं. नियम करणारानें याहून अधिक कांहीं बोलावयाचें नाहीं. सृष्टीहि बोलत नाहीं. विचारलें तर होय किंवा नाहीं एवढेंच म्हणते, आणि तेंहि नीट विचारलें तरच. १९७७ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत आणखी एक गंमत आहे. ज्याला नियम सांपडला असें वाटेल त्यानें स्वतःला 'प्रेषित' म्हणून जाहीर करावें, आणि पुढें पडणाऱ्या प्रत्येक पत्त्याचा निकाल आपणच द्यावा. एक निकाल चुकला कीं प्रेषितपद गेलें, वर दंडहि बसला. आमच्या चर्चासत्रांतून प्रेषितांची वाण कधींच नव्हती. दंडाची तेवढी तरतूद राहून गेली आहे.

या खेळांतून जो धडा मिळतो तो आम्ही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशीं फळ्यावर देतों. २, ४, ६ असे तीन आंकडे लिहितों आणि सांगतों कीं, हे आंकडे आमच्या मनांतील एका नियमाला धरून आहेत. तुम्ही आणखी त्रिकें सुचवा, तीं बसतात कीं नाहीं तें आम्ही सांगूं, आणि खात्री पटली म्हणजे नियम सांगा. युक्ति आमची नव्हे. पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें ती १९६० सालीं प्रयोगासाठीं योजिली होती. विद्यार्थी ८, १०, १२ म्हणतात; बसतें. २०, २२, २४ म्हणतात; बसतें. मग आत्मविश्वासानें 'दोन दोन वाढणाऱ्या सम संख्या' असा नियम सांगतात, आणि तो चूक निघतो. नियम इतकाच असतो कीं, प्रत्येक आंकडा आधींच्याहून मोठा हवा. १, २, ३ असें विचारून पाहावें, किंवा मुद्दाम ९, ५, १ विचारून नकार पदरांत घ्यावा, हें क्वचितच कोणाला सुचतें. आपल्या कल्पनेला होकार देणारेच दाखले आपण शोधतों, हें वाक्य आम्हीं पूर्वीं कित्येक वेळां व्याख्यानांत सांगितलें आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तें वहींत निमूटपणें उतरून घेतलें आहे. फळ्याजवळ फजिती झाल्यावर तें उतरून घेण्याची गरज पडत नाहीं.

परंतु अनुमानाची पद्धति शिकविणें हा त्यांतल्या त्यांत सोपा भाग. खरी अडचण आचाराची आहे. नेदरलंड्समध्यें टिलबुर्ग विद्यापीठांतील डीडेरिक स्टापेल हे सामाजिक मानसशास्त्राचे मोठे नांवाजलेले प्राध्यापक होते. न केलेल्या प्रयोगांचे आंकडे ते घरीं बसून तयार करीत, हें २०११ सालीं उघडकीस आलें, आणि पुढें त्यांचे पन्नासाहून अधिक लेख मागें घ्यावे लागले. या प्रकरणांत एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. तें बाहेर काढलें तें कोणा समकक्ष पंडितानें नव्हे, परीक्षकांनीं नव्हे, नियतकालिकांच्या संपादकांनींहि नव्हे. त्यांच्याच विभागांतल्या तीन तरुण संशोधकांनीं तें धाडस केलें. ज्यांचें सर्व भवितव्य त्या एका माणसाच्या शिफारसपत्रावर अवलंबून, त्यांनींच बोलावें लागलें. चौकशी समितीनें २०१२ च्या आपल्या अहवालांत एका माणसाच्या अपराधापाशीं न थांबतां भोंवतालच्या सैल संशोधनपद्धतीवरहि कडक ताशेरे ओढले.

त्याच देशांतल्या रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठानें संशोधकांच्या सचोटीवर एक पत्त्यांचा खेळ तयार केला. त्याला 'डिलेमा गेम' म्हणतात. आम्ही त्याला धर्मसंकटाचा खेळ म्हणतों. २०२० पासून तो मोबाइलवरहि मिळतो. एका पत्त्यावर एक पेंच लिहिलेला असतो आणि खालीं चार मार्ग. प्रत्येकानें मनाशीं एक मार्ग निवडावयाचा, पत्ता पालथा ठेवावयाचा, आणि सर्वांनीं एकदम उलटावयाचे. मग बोलावयाचें. पाठीमागें उत्तरांची यादी नाहीं, गुण नाहींत, जिंकणारा नाहीं. चारहि मार्गांना कांहींना कांहीं खोट असते. एखादा मार्ग स्वच्छ असेल तर तो पेंच कसला? खेळाचें सारें मर्म त्या पालथ्या पत्त्यांत आहे. तोंडानें विचारलें असतां वर्गांतला पहिला बोलणारा सर्वांचें उत्तर ठरवून टाकतो. दुसरा त्याला दुजोरा देतो, आणि तिसऱ्यापासून पुढें माना हलूं लागतात. पत्ते एकदम उलटले म्हणजे ती सोय राहत नाहीं.

दुसरा एक खेळ इंग्लंडांतला. तेथील दोन ग्रंथालयीन तज्ज्ञांनीं, जेन सेकर आणि ख्रिस मॉरिसन यांनीं, २०१७ सालीं 'द पब्लिशिंग ट्रॅप' या नांवानें तो काढला आणि सर्वांना मोफत दिला. त्यांत चार काल्पनिक विद्वानांचा प्रबंधापासून प्राध्यापकपदापर्यंतचा प्रवास असतो. लेख कोठें द्यावा, ग्रंथाचे हक्क प्रकाशकाला लिहून द्यावेत कीं राखून ठेवावेत, लिहिलेलें सर्वांना खुलें करावें कीं कुलपांत ठेवावें, असे निर्णय वाटेंत घ्यावे लागतात, आणि प्रत्येक निर्णयागणिक पैसा, ज्ञान आणि प्रभाव यांची जमाखर्चवही बदलत जाते. मधून मधून दैवाचे पत्तेहि येतात. हा खेळ आम्हांला मोक्षपटाच्या अधिक जवळचा वाटतो, आणि त्याचें कारण हे दैवाचे पत्ते. ज्यांनीं संशोधनांत आयुष्य घालविलें आहे त्यांना हें पटेल. एखाद्याचा लेख परीक्षकाच्या टेबलावर वर्षभर पडून राहतो, एखाद्याच्या विषयाला अचानक बरकत येते. यांत पुण्यपापाचा हिशेब शोधूं गेलें तर माणूस वेडा होईल. तरुणांना हें कोणी सांगत नाहीं. त्यांना वाटतें कीं, शिडी मिळाली ती गुणानें आणि साप लागला तो आपल्या दोषानें.

आपल्याकडे स्थिति काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर क्षम्य, दहाच्या वर चाळीसपर्यंत अमुक दंड, साठाच्या वर गेलें तर नोंदणीच रद्द, अशी त्यांत प्रतवारी आहे. पुढें २०१९ च्या अखेरीस संशोधन आणि प्रकाशन यांच्या नीतिमत्तेवर दोन श्रेयांकांचा एक अभ्यासक्रम पीएच्. डी.च्या पूर्वतयारींत सक्तीचा करण्यांत आला. सक्तीच्या विषयाचें जें व्हावयाचें तें त्याचेंहि झालें आहे. आम्ही हा विषय शिकवितों, उत्तरपत्रिका तपासतों, आणि आजवर एकाहि विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत अनीतीचा पुरस्कार केलेला आम्हीं पाहिला नाहीं. सगळे हरिश्चंद्राचे वंशज. टक्क्यांच्या प्रतवारीनें तर एक नवीच विद्या जन्माला घातली आहे: वाक्य तसेंच ठेवून शब्द बदलावयाचे आणि यंत्राला चकवावयाचें. चोरी कमी झाली कीं नाहीं हें सांगवत नाहीं, पर्यायी शब्दांचें ज्ञान मात्र वाढलें आहे.

म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं रॉटरडॅमच्या खेळाचे पत्ते वर्गांत आणले. पहिला डाव रंगला नाहीं. पेंच खरे होते, पण ते दुसऱ्यांच्या घरांतले होते. तेथील विद्यार्थी पुष्कळदां पगारी नोकर असतो. प्राध्यापकाला नांवानें हांक मारतो. येथें छात्रवृत्ति मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये येतात (हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा), न मिळाली तर कांहींच नाहीं. आणि कोणताहि कागद मार्गदर्शकाच्या सहीवांचून पुढें सरकत नाहीं. तेव्हां आम्हीं विद्यार्थ्यांनाच सांगितलें कीं, तुमचे पेंच तुम्ही लिहा. नांव घालूं नका, छापील अक्षरांत लिहा, आणि दाराजवळच्या खोक्यांत टाका. आठवड्यानें खोकें उघडलें तर एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. विद्यार्थी होते चौदा.

त्यांतला एक पेंच असा होता. लेख लिहून झाला आहे. मार्गदर्शक म्हणतात, अमक्या गृहस्थांचें नांव दुसऱ्या जागीं घाल. त्यांची पदोन्नति अडली आहे. त्या गृहस्थांनीं लेखाची एक ओळहि वाचलेली नाहीं. मार्ग चार: नांव घालावें, घालण्यास नकार द्यावा, नांवाऐवजीं शेवटीं आभार मानण्याची सूचना करावी, लेखच तूर्त पाठवूं नये. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे या बाबतींत जगन्मान्य निकष आहेत, आणि विद्यार्थ्यांना ते पाठ होते. आठ जण खेळत होते. पत्ते उलटले तेव्हां पांच जणांनीं नांव घालण्याचा मार्ग घेतला होता. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग त्या पांच जणांच्या चेहऱ्यांवर जो सुटकेचा भाव आला तो पाहण्यासारखा होता. एक जण म्हणाला, 'सर, परीक्षेंत मीं दुसरें लिहिलें होतें.' आम्हीं म्हटलें, 'ठाऊक आहे. गुणहि आम्हींच दिले होते.'

मग आम्हीं एक नियम आमच्या पदरचा घातला. तोच पेंच पुन्हां घ्यावयाचा, पण या वेळीं कोणी तरी मार्गदर्शक व्हावयाचें आणि कोणी विद्यार्थी. मार्गदर्शकाची भूमिका एका अशा विद्यार्थिनीकडे गेली जी तासाला कधीं तोंड उघडीत नसे. ती खुर्चीवर जरा मागें रेलली, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि समोरच्या मुलीला अगदीं मायेनें म्हणाली, 'अगं, एवढें काय त्यांत? तुझ्या पुढच्या फॉर्मवर सही शेवटीं कोणाची लागणार आहे?' सगळे हंसले. मग हंसणें थांबलें, कारण तें बोलणें नक्कल म्हणून फार हुबेहूब होतें. तो सूर कोणाचा, हें तेथें बसलेल्यांपैकीं निदान तिघांना कळलें असावें. आम्हीं विचारलें नाहीं. वर्गांत विचारावयाचा तो प्रश्नच नव्हता.

पंधरा दिवसांनीं ती आमच्याकडे आली. (व्यक्ति ओळखूं येऊं नये म्हणून एकदोन तपशील आम्हीं बदलले आहेत.) 'सर, तो पत्ता माझाच होता,' एवढें बोलून ती बराच वेळ गप्प बसली. पुढें तिनें मार्गदर्शक बदलून मागितला. अर्ज विभागाकडे गेला, विभागानें समितीकडे धाडला, समितीची बैठक गणसंख्येअभावीं दोनदां लांबली, आणि निर्णय व्हावयास सात महिने लागले. त्या अवधींत तिची छात्रवृत्ति थांबली होती. ती एका शिकवणीवर्गांत संध्याकाळीं दहावीच्या मुलांना इतिहास शिकवी आणि सकाळीं ग्रंथालयांत येई. आमच्या स्नेह्यांना 'पोरखेळ' म्हणावयाचें असेल तर त्यांनीं या सात महिन्यांना म्हणावें.

खेळांच्या बाजूनें जे लोक अति उत्साहानें बोलतात त्यांच्याशीं आमचा वाद आहे तो येथेंच. खेळानें माणूस बोलका होतो हें खरें. भूमिकेचा बुरखा घेतला म्हणजे जें स्वतःच्या नांवानें बोलवत नाहीं तें बोलवतें. पण बोललेल्याचें पुढें काय? खेळांतला नकार पत्ता उलटला कीं संपतो. खरा नकार तेथून सुरू होतो. ज्या संस्थेंत तक्रार ऐकणारें कोणी नाहीं तेथें असे खेळ भरविणें म्हणजे पोहावयास शिकवून पुराच्या पाण्यांत सोडण्यासारखें आहे. शिवाय एक धोका आम्हांला दिसूं लागला आहे. कार्यशाळा झाली, छायाचित्रें निघालीं, अहवालांत 'अभिनव अध्यापनपद्धति' असा मथळा पडला, कीं अधिकाऱ्यांचें कर्तव्य संपतें. आम्हांला अशा एका कार्यशाळेचें निमंत्रण होतें. तेथें जिंकणाराला स्मृतिचिन्ह ठेवलें होतें. धर्मसंकटांत जिंकतात कसें, हें आम्हीं आयोजकांना विचारलें. ते म्हणाले, जास्तीत जास्त योग्य उत्तरांवर. आम्ही गेलों नाहीं.

आणखी एक. या खेळांना नेहमीं विद्यार्थीच बसतात. मार्गदर्शकांना बसवावें म्हणून आम्हीं दोनदां प्रयत्न केला. पहिल्या खेपेस तिघे आले, दुसऱ्या खेपेस एकच, आणि तेहि निवृत्तीला चार महिने उरलेले. पण त्या सद्गृहस्थांनीं जो डाव खेळला त्याचें वर्णन केल्याशिवाय राहवत नाहीं.

पेंच इतिहासाच्या विद्यार्थ्याचा होता. पेशवे दफ्तरांतल्या एका पत्राचा आधार प्रबंधांत घ्यावयाचा आहे. मूळ पत्र पुण्याच्या दफ्तरखान्यांत रुमालांत बांधलेलें. पण विद्यार्थ्यानें तें वाचलें आहे तें रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत छापून काढलेल्या पंचेचाळीस खंडांपैकीं एकांत. मोडी त्याला येत नाहीं. तळटीपेंत मूळ रुमालाचा हवाला दिला तर परीक्षकांवर छाप पडेल. छापील खंडाचा दिला तर 'मूळ साधनें पाहिलीं नाहींत' असा शेरा येईल. वृद्ध प्राध्यापकांनीं पत्ता उलटला तो रुमालाचा. विद्यार्थी चपापले. ते शांतपणें म्हणाले, 'आमच्या पिढींत निम्म्यांनीं हेंच केलें; बाकीच्या निम्म्यांना मोडी येत होती.' मग दोन तास वाद चालला. छापील खंडावर विश्वास ठेवणें ही अप्रामाणिकता नव्हे, तो विश्वास लपविणें ही आहे, असें एका विद्यार्थ्यानें म्हटलें. प्राध्यापकांनीं विचारलें, 'आणि संपादकानें गाळलेल्या ओळी? त्यांची जबाबदारी कोणाची?' याचें उत्तर कोणालाच देतां आलें नाहीं. चहा थंड झाला, शिपाई दोनदां डोकावून गेला.

त्या दिवसापासून तो पत्ता आम्हीं तीनदां दुरुस्त केला आहे. पूर्वीं त्यावरचा चौथा मार्ग 'मार्गदर्शकांना विचारावें' असा होता. तो कोणी घेईना, म्हणून काढून टाकला आणि ती जागा कोरी ठेवली. खेळणारानें आपला मार्ग तेथें पेन्सिलीनें लिहावयाचा. आतांपर्यंत त्या जागेंत बऱ्याच ओळी लिहिल्या व खोडल्या गेल्या आहेत. सर्वांत अलीकडची ओळ एका पहिल्या वर्षाच्या मुलाची आहे: 'आधीं मोडी शिकेन, तोंवर हा परिच्छेद कोरा.' त्याखालीं दुसऱ्या अक्षरांत कोणी तरी विचारलें आहे, 'मुदतवाढ कोण देणार?'